‘डूम’ आणि वीररस

संगणकावरील खेळांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा पालकसभेत किंवा वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात होते. तिचा सूर ठरलेला असतो. मुले वाचीत नाहीत, मैदानावर जात नाहीत आणि रात्र रात्र पडद्यावर गोळ्या झाडीत बसतात. या तक्रारीत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्या गोष्टीने तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या बुद्धिमान तरुणांना धरून ठेवले आहे, तिच्यात त्यांना नेमके काय मिळते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी स्वतःस विचारावयास हवा. आस्वादाची मीमांसा करणे हे आपले काम आहे. आणि आपल्याला न रुचणाऱ्या आस्वादापुढे ती मीमांसा मुकी होत असेल, तर ती तितकीशी पक्की नाही असेच म्हणावे लागेल.

विषयाची मर्यादा प्रथम सांगतो. २०२० साली भारत सरकारने ज्यावर बंदी घातली तो ‘पबजी’ येथे अभिप्रेत नाही. ती बंदी रक्तपातासाठी नव्हती, माहितीच्या सुरक्षिततेसाठी होती, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात नसते. शिवाय त्या खेळात शंभर जण एका बेटावर उतरतात खरे, परंतु त्यांचा बराचसा वेळ लपण्यात आणि शोधण्यात जातो. मला विचार करावयाचा आहे तो त्याहून जुन्या आणि कितीतरी वेगवान अशा परंपरेचा. ‘फर्स्ट-पर्सन शूटर’ या नावाने ती ओळखली जाते, आणि १९९३ सालचा ‘डूम’ हा तिचा मूळ ग्रंथ म्हणावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखक शिक्षकी पेशात शिरला त्या सुमारास तो आपल्याकडील संगणकवर्गांतून फिरू लागला होता. तेव्हा जे लिहितो आहे ते केवळ ऐकीव नव्हे.

‘फर्स्ट-पर्सन’ला मराठीत प्रथमपुरुषी म्हणावे लागेल, आणि तेथेच एक मौज आहे. आपण शाळेत शिकवितो त्या मराठी व्याकरणात प्रथमपुरुष म्हणजे ‘मी’. संस्कृत व्याकरणात मात्र प्रथमपुरुष म्हणजे ‘तो’. ‘मी’साठी तेथे उत्तमपुरुष आहे. हा खेळ दोन्ही व्याकरणांना धरून चालतो. पडद्यावर दिसते ते नायकाच्या डोळ्यांतून दिसते. खाली मध्यभागी हातातली बंदूक तेवढी दिसते, बाकीचे शरीर नाही. म्हणजे हा ‘मी’ झाला. परंतु त्याच पडद्याच्या तळाशी, आकड्यांच्या पट्टीत, नायकाचा चेहराही सतत दिसत असतो. तो डावीउजवीकडे पाहतो, नवे शस्त्र मिळाले की दात विचकून हसतो, जखमा वाढतील तसतसा रक्ताळत जातो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहत असताना स्वतःचाच चेहरा पाहावयाचा, अशी ही विलक्षण रचना आहे. या चेहऱ्याकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

‘डूम’ अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मेस्किट या गावी, ‘आयडी सॉफ्टवेअर’ या लहानशा संस्थेत तयार झाला आणि १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या जन्मकथेत साहित्याच्या अभ्यासकाला रस वाटावा असा एक वाद आहे. संस्थेतील टॉम हॉल याने खेळासाठी सविस्तर कथानक रचिले होते. पात्रे, त्यांचे स्वभाव, प्रसंगांची साखळी असे सर्व काही त्यात होते, आणि त्या टाचणवहीला ‘डूम बायबल’ असे नाव पडले होते. जॉन कारमॅक हा संस्थेतील गणिती बुद्धीचा पुरुष. खेळाला कथानकाची फारशी गरज नाही, असे त्याचे मत. जॉन रोमेरोचा कलही गतीकडेच होता. अखेर हॉलची बहुतेक योजना बाजूस पडली आणि खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वीच हॉल संस्थेबाहेर पडला. उरलेली कथा पोस्टकार्डावर मावेल एवढीच आहे. मंगळाच्या उपग्रहांवर काही प्रयोग चाललेले असतात, त्यांतून नरकाचे दार उघडते, आणि एकच सैनिक जिवंत राहतो. खेळात त्याला नावसुद्धा दिलेले नाही.

कादंबरीच्या दृष्टीने हा पराभव होय. परंतु टाकून दिलेल्या कथानकाच्या जागी काय आले हे पाहिल्याशिवाय निकाल देणे योग्य होणार नाही. कारमॅकच्या रचनेत एका दालनाच्या डोक्यावर दुसरे दालन उभारता येत नसे. मूळ खेळात वर किंवा खाली पाहण्याचीही सोय नव्हती. शत्रू उंचवट्यावर असला तरी बंदूक त्याच्या दिशेने वळविली की पुरे. उंचीचा हिशेब यंत्र आपला आपण करी. या उणिवेतूनच खेळाचे वैशिष्ट्य जन्मास आले. नेम धरणे दुय्यम ठरले आणि पाऊल टाकणे मुख्य झाले. ‘डूम’ला नेमबाजीचा खेळ म्हणतात ते सोयीसाठी, वस्तुतः तो पदन्यासाचा खेळ आहे. ‘इम्प’ नावाचा राक्षस अग्निगोल फेकतो. तो गोल हवेतून येताना स्पष्ट दिसतो आणि एक पाऊल बाजूला सरकले की कानाजवळून निघून जातो. गुलाबी ‘डेमन’ काहीच फेकत नाही, सरळ अंगावर धावून येतो. भुताटलेल्या सैनिकाची गोळी दिसत नाही. तिच्यापुढे चपळाई निरुपयोगी, भिंतीचा कोपराच गाठावा लागतो. एकाचा अग्निगोल चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला, तर ते दोघे आपल्याला विसरून एकमेकांशी झुंजू लागतात. आणि अनुभवी खेळाडू अशा कलहाची व्यवस्था मुद्दाम करतो. म्हणजे बुद्धिबळातील सोंगट्यांप्रमाणे प्रत्येकाची चाल ठरलेली. फरक इतकाच की येथे सर्व सोंगट्या एकदम चालतात, आणि राजा आपण स्वतःच असल्यामुळे आपल्याला थांबता येत नाही.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे सांगितली. त्यांच्या अनुयायांना आवडणार नाही, पण ‘डूम’मधील एखाद्या चांगल्या दालनाची रचना या तीन शब्दांत जितकी नीट सांगता येते, तितकी ती खेळांच्या नियतकालिकांतील परिभाषेत सांगता येत नाही. धावून येणाऱ्यांचा जथा समोर आणि दुरून फेकणारे उंचवट्यावर, हा विरोध. एकापासून दूर जाताना दुसऱ्याच्या तावडीत सापडावे, अशी त्यांची मांडणी. या दोहोंमध्ये जी एकच वळणावळणाची वाट मोकळी असते, ती पायांना सापडणे हा समतोल. पहिल्या खंडाचा बहुतांश भाग रोमेरोने रचला आहे. उजेडानंतर अंधार, अरुंद बोळानंतर चौक, गर्दीनंतर शांतता, असा त्याचा क्रम काटेकोर आहे. पुढल्या खंडांतील पुष्कळ दालने सँडी पीटरसन याची. त्याची कल्पनाशक्ती अधिक स्वैर आणि हात काहीसा ओबडधोबड. मला रोमेरोच अधिक आवडतो.

आता रसाचा प्रश्न. मुलगा खेळत असताना त्याच्या खुर्चीमागे उभे राहून जो पाहतो, त्याला काय दिसते? रक्त, आतडी, शिंगे, किंकाळ्या. त्याच्या मनात रौद्र आणि बीभत्स यांच्याच छटा उमटणार, आणि आपला मुलगा याच भावांत बुडाला आहे असे त्याला वाटणार. युद्ध आणि मरण ही रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून सूचित करावीत, असे भरताने सांगितले आहे. हा खेळ तर तेच तेवढे दाखवितो. परंतु खेळणाऱ्याला जे दिसते ते निराळे असते. त्याला अंतरे दिसतात, कोन दिसतात, मोकळ्या जागा दिसतात. रौद्राचा स्थायिभाव क्रोध. आणि क्रोध आलेला खेळाडू या खेळात दोन मिनिटे टिकत नाही. जो टिकतो त्याच्या ठिकाणी उत्साह असतो, आणि उत्साह हा वीराचा स्थायिभाव. नाट्यशास्त्रात वीराच्या विभावांमध्ये आरंभीच असंमोह आणि अध्यवसाय यांची गणना केली आहे. डोके न गमावणे आणि निश्चय न सोडणे, हे दोन गुण ‘डूम’च्या खेळाडूला जितके लागतात तितके बंदुकीतले छर्रेही लागत नाहीत. सजावट रौद्राची आणि अनुभव वीराचा, असा हा प्रकार आहे. आणि पालक व पाल्य यांच्यातील वादाचे मूळ पुष्कळदा यातच असते.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. याच संस्थेचा १९९९ सालचा ‘क्वेक ३ अरीना’ हा खेळ माणसांनी माणसांशी खेळावयाचा. त्यात कथा जवळजवळ नाहीच. त्यातील स्पर्धक खेळण्यापूर्वी काय करीत असत, हे पाहण्यासारखे आहे. भिंतींवरचे सर्व चित्रकाम ते पुसट करून टाकीत, इतके की भिंती सपाट रंगाचे पुठ्ठे दिसू लागत. प्रतिस्पर्ध्याची आकृती एकाच भडक रंगात रंगवीत. रक्तमांसाचे तुकडे दिसू नयेत अशी सोय होती, तिचाही उपयोग करीत. चित्रकारांनी महिनोन्‌महिने खपून उभी केलेली सगळी बीभत्सता हे रसिक पहिल्या पाच मिनिटांत पुसून टाकीत, आणि मग खेळू लागत. चिलखत आणि औषध ठराविक सेकंदांनी त्याच जागी पुन्हा प्रकट होई. ते सेकंद खेळाडू लढता लढता मनात मोजी आणि नेमका त्या क्षणी तेथे पोहोचे. तबलजीने द्रुत लयीत कितीही बोल वाजवावे, पण समेचे भान सुटू देऊ नये, तसेच हे. आधीच्या ‘क्वेक’मध्ये, १९९६ साली, वेगाच्या गणितात एक फट राहून गेली होती, विशिष्ट कोनात वळत वळत उड्या मारल्या की रचनाकारांनी ठरविलेल्या मर्यादेपेक्षा अधिक वेग मिळे. खेळाडूंनी ही फट शोधली आणि तिचे शास्त्र बनविले. पुढच्याच वर्षी काही खेळाडूंनी मिळून तो अख्खा खेळ वीस मिनिटांच्या आत संपवून दाखविला. त्या नोंदीत राक्षसांना मारण्यापेक्षा चुकवून पुढे जाण्यावरच भर आहे.

येथे एक शंका येईल. लयच हवी असेल तर बंदूक कशाला? चेंडू का नको? शंका रास्त आहे, आणि तिला पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. अंशतः उत्तर असे की, दूरच्या वस्तूवर तत्क्षणी परिणाम घडविणारे बंदुकीसारखे दुसरे साधन नाही, आणि पडद्यावरच्या जगात स्पर्श नसल्यामुळे परिणाम हाच स्पर्श ठरतो. दुसरे असे की, उत्साहाला आलंबन लागते. ज्याचे भय वाटत नाही त्याच्यासमोर उत्साह कसा उपजावा? म्हणून राक्षस. आणि राक्षसाचा एक सोयीचा गुण असा की त्याच्यासाठी कोणी रडत नाही. या सोयीबद्दल पुढे बोलावयाचे आहे.

रसशास्त्राच्या कट्टर अभ्यासकाचा आक्षेप याहून मूलगामी असेल. तो म्हणेल, सहृदय हा प्रेक्षक असतो, कर्ता नसतो. स्वतःच्या सुखदुःखांत गुरफटणे हे अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांपैकी एक. आणि जिंकण्याची इच्छा धरून बसलेला खेळाडू त्या विघ्नाचा मूर्तिमंत पुतळाच होय. पहिल्या खेळीपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. पण हे खेळ कोणी एकदा खेळत नाही. ‘डूम’मध्ये नायक मेला की तेच दालन पुन्हा आरंभापासून, हातात एका पिस्तुलासह. विसाव्या खेपेस मरणाची धास्ती उरत नाही आणि जिंकण्याची हावही बोथट होते. ती वाट नीट चालण्याचा आनंद तेवढा शिल्लक राहतो. भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले, त्याच्या जवळपासचे काहीतरी येथे पुनरावृत्तीने साधते असे मला वाटते.

आमच्या बडोद्यास १९२१ साली भरलेल्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो आणि तरीही स्वतःचे भान राखतो, या दुहेरीपणात वाङ्मयाचा आनंद आहे, असे तिचे सार. तिच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली. प्रस्तुत खेळाला ती लावून पाहिली तर अडचण अशी की, येथे एकरूप व्हावयाला दुसरा कोणी नाहीच. नायकाला नाव नाही, भूतकाळ नाही, वाचा नाही. निव्वळ समाधीच शिल्लक राहावयाची. ती तशी राहत नाही, याचे कारण तळाचा तो चेहरा. हात गुंतलेले, डोळे समोर. पण कडेने कोठेतरी रक्ताळलेला एक ‘तो’ आपल्याकडे पाहत असतो, आणि आपली अवस्था आपल्याला त्याच्या तोंडावरून कळते. नाटकात नटाचे अनुभाव प्रेक्षक वाचतो. येथे कर्ता स्वतःचेच अनुभाव वाचतो. इतक्या थोड्या रेघांत इतके साधणारी युक्ती पुढच्या काळातील कितीतरी खर्चिक खेळांत मला आढळली नाही.

त्या पुढच्या काळाविषयी थोडक्यात. २००१ सालच्या ‘हेलो’ने नायकाला आपोआप भरून येणारे कवच दिले, आणि २००५ सालच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी २’मध्ये जखमाही आपोआप बऱ्या होऊ लागल्या. परिणाम असा झाला की घायाळ खेळाडू आडोशाला जाऊन स्वस्थ बसू लागला. वास्तवाशी हे अधिक जुळते असे काही समीक्षकांचे म्हणणे. पण वीररसाचा नायक भिंतीआड बसून पुन्हा धडधाकट होण्याची वाट पाहतो आहे, हे दृश्य मला तरी हास्यरसाच्या जवळचे वाटते. २०१६ साली ‘डूम’ नव्याने आला तो ही रीत उलटवीत. त्यात जखमी झालेल्याला बरे व्हावयाचे असेल, तर खिळखिळ्या झालेल्या शत्रूच्या अगदी अंगाशी जाऊन त्याचा अंत करावा लागतो. आरोग्य तेथे सांडलेले असते. संकट जितके मोठे तितके पुढे सरावयाचे. मिक गॉर्डनचे संगीतही लढाईच्या तीव्रतेनुसार चढते-उतरते. खेळाच्या आरंभीच पडद्यावरून कोणी नायकाला कथा समजावून सांगू लागतो, आणि नायक तो पडदाच हाताने दूर सारतो. टॉम हॉल आणि कारमॅक यांच्या जुन्या वादाचा निकाल तेवीस वर्षांनी एका हस्तक्षेपात लागला! २०२० सालच्या ‘डूम इटर्नल’ची मात्र मी तितकी स्तुती करणार नाही. अमुक शत्रूला अमुकच शस्त्र, चिलखतासाठी अग्नी, दारूगोळ्यासाठी करवत, असे त्याचे वेळापत्रक इतके बांधलेले आहे की उत्साहाला गृहपाठाची कळा येते. पुष्कळ जाणकारांना तो अधिक सरस वाटतो, हेही नमूद करतो. २०२५ सालच्या ‘डार्क एजेस’ने ढाल हाती देऊन चाल जड केली आहे; तो निराळ्या घराण्याचा खेळ झाला.

शाळा चालविणाऱ्या माणसाला एक प्रश्न टाळता येत नाही. १९९९ साली अमेरिकेतील कोलंबाइन येथे ज्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याच शाळेत हत्याकांड केले, ते ‘डूम’ खेळत असत, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे या खेळाचे नाव त्या घटनेशी जोडले गेले. लहान मुलांना हिंसक खेळ विकण्यास मनाई करणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली रद्द ठरविला. अशा खेळांमुळे मुले हिंसक बनतात हे पुढे ठेवलेल्या अभ्यासांवरून सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दुसऱ्या बाजूस, अमेरिकेच्या नौसैनिक दलाने १९९६ च्या सुमारास ‘डूम २’ बदलून शिक्षणासाठी वापरला, हेही खरे. त्यांनी त्यातून चौघांच्या तुकडीने एकमेकांना सांभाळीत पुढे कसे सरकावे, हे शिकविले. हे दोन्ही दाखले वाचूनही पालकाची धाकधूक जात नाही, आणि ती जावी असा माझा आग्रहही नाही.

माझी स्वतःची अस्वस्थता निराळ्या ठिकाणी आहे. २००९ सालच्या ‘मॉडर्न वॉरफेअर २’मध्ये एक प्रकरण आहे. खेळाडू दहशतवाद्यांच्या टोळीत शिरलेला हेर असतो, आणि ती टोळी विमानतळावरील निःशस्त्र प्रवाशांना गोळ्या घालीत पुढे जाते. खेळाडूने एकही गोळी झाडली नाही तरी चालते. प्रकरण गाळण्याचीही मुभा आहे. परंतु टोळीला अडविता येत नाही. आणि रचनाकारांनी तेथे खेळाडूचे धावणे काढून घेतले आहे. त्याला सावकाश, त्यांच्या पावलाने चालावे लागते. मघाशी जे प्रतिपादन केले त्याचा हा उलट बाजूने मिळालेला पुरावा होय. गती काढून घेतली, मारला जाणारा माणूस झाला, आणि तीच बंदूक, तोच पडदा, तोच प्रथमपुरुष असह्य झाला. हे धैर्याचे लेखन आहे असे काहींनी म्हटले. मला ते तसे वाटत नाही. कथेचे ओझे खेळाडूच्या खांद्यावर दिले, पण ते वाहावयाला चाप ओढणे किंवा न ओढणे याहून दुसरी क्रिया दिली नाही. आणि पुढचे प्रकरण सुरू होताच खेळ पुन्हा धावू लागतो.

याउलट राक्षसाच्या बाबतीत प्रश्नच उद्भवत नाही, आणि हीच या परंपरेची खरी उणीव मला वाटते. महाभारतात सौप्तिकपर्वानंतर स्त्रीपर्व येते. अठरा दिवसांचा सगळा पराक्रम गांधारीच्या डोळ्यांपुढे पुन्हा एकदा मांडला जातो, आणि वीराचे रूपांतर करुणात होते. ‘डूम’मध्ये दालन संपले की गुणपत्रिका येते : इतके शेकडा मारले, इतके शेकडा सापडले, इतकी गुप्त दारे, इतका वेळ, आणि अपेक्षित वेळ इतका. आम्हा मुख्याध्यापकांना यात परके वाटण्याचे कारण नाही. शोक म्हणून तिसऱ्या खंडाच्या शेवटी काय आहे, तर एका सशाचे भाल्यावर रोवलेले डोके. मागे जळणारी पृथ्वी. विनोद की विलाप, हे खेळाने खेळाडूवर सोपविले आहे.

तथापि एक जागा अशी आहे की जेथे हा खेळ, नकळत असो वा जाणूनबुजून, वीराच्या पलीकडे पाऊल टाकतो. पहिल्या खंडाच्या अखेरीस दोन बलाढ्य राक्षसांचा वध होतो, भिंती खचतात, आणि समोर एक दार मोकळे होते. त्यातून पुढे गेल्यावर नायक एकाएकी एका काळोख्या खोलीत येऊन पडतो. पायाखालची जमीनच प्राण शोषते आहे, चोहोंकडून राक्षस तुटून पडतात, आणि आजवर ज्यावर भिस्त ठेवली ते पाऊल कोठेही नेले तरी उपयोग होत नाही. कौशल्य असो वा नसो, शेवट एकच. इतका वेळ जो कर्ता होता तो काही क्षण निव्वळ प्रेक्षक होतो. हात कळांवर असतात, पण करण्यासारखे काही उरत नाही, आणि तळाचा तो चेहरा रक्ताने भरून जातो. ‘डूम’चा हा पहिला खंड विनामूल्य वाटला जात असे. नायकाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी उरलेले दोन खंड विकत घ्यावे लागत.